दोन ओळींची हेडनोट

फोन खांद्याने कानाशी दाबून धरत तिने तेवीस पानी निकालाचं शेवटचं पान उलटलं आणि पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवायला सुरुवात केली. पलीकडचे वकील चिडलेले असते तर बरं झालं असतं. ते अगदी शांतपणे वाट पाहत होते.

"मला फक्त पॅरा नंबर हवाय, मॅडम," ते म्हणाले. "हेडनोट आहे माझ्यापुढे. पण जज विचारतात ना, कुठे म्हटलंय ते दाखवा. मी दोनदा वाचलं. माझ्याच डोळ्यांना दिसत नसेल."

सापडला की लगेच फोन करते, असं ती म्हणाली. सुनावणी किती वाजता आहे, हेही विचारून घेतलं. अडीचला होती, दुपारच्या सुट्टीनंतरची पहिलीच. भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा कमी होते.

ती जिथे काम करायची ते पाक्षिक न्यायालयांचे निकाल छापायचं आणि प्रत्येक निकालाच्या डोक्यावर त्याचं सार दोन-चार ओळींत द्यायचं. ती हेडनोट. ते सार काढणं हे तिचं काम. वरच्या कोर्टाने एकदा एखादी गोष्ट ठरवली की खालच्या कोर्टांना ती बंधनकारक, आणि खालची कोर्टं तिच्यावर विसंबून पुढचं ठरवत जातात. घरात थोरल्या सुनेने एकदा पायंडा पाडला की धाकटीची सुटका नसते, तसंच हे. फक्त इथे थोरलीने नेमकं काय केलं होतं हे पाहायला कुणी माडीवर जात नाही. जिन्याखालच्या चिठ्ठीवर भागतं. घाईतला वकील तेवीस पानं वाचत नाही. घाईतले न्यायाधीशही वाचत नाहीत, पण हे ऑफिसात मोठ्याने बोलायचं नाही असा संकेत होता.

तिची ती चिठ्ठी दोनच ओळींची होती. "अटकेची कारणे अटक झालेल्या व्यक्तीस समजेल अशा भाषेत लेखी न दिल्यास अटक घटनाबाह्य. अशा व्यक्तीस तत्काळ मुक्त करणे बंधनकारक." छपाईत दिसायलाही देखणी होती. लिहिली तेव्हा तिला तिचा अभिमान वाटला होता.

वकिलांचा अशील गिलावा करणारा गवंडी होता. लांबच्या मुलखातून कामावर आलेला, इथली भाषा न कळणारा. बांधकामावरून तांब्याची तार चोरीला गेली आणि पोलीस त्याला घेऊन गेले. कागदावर अंगठा उमटवून घेतला. कागदात काय आहे हे त्याला कोणत्याच भाषेत कुणी सांगितलं नाही. आज एकोणीस दिवस तो आत होता. हे सगळं वकिलांनी पॅरा नंबर मागताना जाता जाता सांगितलं होतं. आणखीही एक सांगितलं होतं, जे त्यांनी सांगितलं नसतं तर बरं, असं तिला आता वाटत होतं. त्याची बायको सकाळपासून कोर्टाच्या बाकावर बसली होती आणि वकिलांनी तिला खुणेने समजावलं होतं, काळजी करू नको, आपल्याकडे वरच्या कोर्टाचा निकाल आहे.

अकराव्या परिच्छेदात ती ओळ सापडली. शब्दन् शब्द तीच. तिचा जीव भांड्यात पडणार तोच तिने परिच्छेदाची सुरुवात वाचली. "अपीलकर्त्याच्या विद्वान वकिलांनी असे प्रतिपादन केले की."

ती खाली आली. बारा, तेरा, चौदा. एकोणिसाव्या परिच्छेदात कोर्टाने लिहिलं होतं, प्रस्तुत प्रकरण अन्य मुद्द्यावर निकाली निघत असल्याने या प्रश्नात आम्ही शिरत नाही. तो योग्य प्रकरणी ठरवला जावा.

म्हणजे कोर्टाने काहीच ठरवलं नव्हतं. वकील म्हणाले ते तिने कोर्टाच्या तोंडी घातलं होतं.

तिने पेल्यातलं पाणी संपवलं, पेला रिकामा आहे हे विसरून पुन्हा तोंडाला लावला, आणि रेकॉर्डच्या खोलीत गेली.

या ऑफिसात सगळे लाल-निळ्या पेन्सिलीने निकाल वाचत. वकील काय म्हणाले त्याखाली निळी रेघ, कोर्टाने काय ठरवलं त्याखाली लाल. खुणा केलेली प्रत दोन वर्षं जपून ठेवायची पद्धत होती. तिला तिची प्रत सापडायला वेळ लागला नाही. बाळंतपणाच्या आठ दिवस आधीची. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं, म्हणून घरी मागवलेली. पोटावर कागद ठेवून वाचताना आतून लाथ बसली की कागद उडायचा आणि ती हसायची, हे तिला आठवलं. पेन्सिलीचं निळं टोक तुटलं होतं, हेही आठवलं. तासायला उठायचा कंटाळा आला होता. आता लालनेच करू, काय कुणाचं ते लक्षात राहील, असं तिने स्वतःला सांगितलं होतं.

प्रत पहिल्यापासून शेवटपर्यंत लाल होती.

तेवढ्यात फोन वाजला. वकिलांचा नव्हता, सासूबाईंचा होता. लेक ढमी दूध घेत नाही, पण कागद खाते, अशी तक्रार होती. सकाळी घरी राहिलेल्या मुद्रितांतला एक कोपरा तिने चावून गिळला होता.

"एक अख्खा न्यायाधीश गेला बघ पोटात," सासूबाई म्हणाल्या. "आता घरात हुकूम सोडेल."

ती हसली. मग विचारलं, गिळल्यावर ठसका तर लागला नाही ना. सासूबाईंनी ठसक्यापासून शीपर्यंत सगळा वृत्तांत दिला आणि मध्येच थांबून विचारलं, तुझा आवाज का असा येतोय. घशात खवखवतंय, ती म्हणाली.

टेबलाशी परत येऊन तिने यादी उघडली. कुठल्या निकालावर कुठली कोर्टं विसंबली याची नोंद पाक्षिक ठेवत असे. नोंदीप्रमाणे तिच्या हेडनोटवर तेरा महिन्यांत सहा कोर्टं विसंबली होती. तिने एकेक आदेश उघडला. वसतिगृहातली स्वयंपाकीण, सुटली. ट्रकचा क्लीनर, सुटला. दोघे भाऊ, वेगवेगळ्या खटल्यांत. एक म्हातारा, ज्याला ऐकूच येत नव्हतं. प्रत्येक आदेशात तिच्या दोन ओळी अवतरणचिन्हांत होत्या, आणि बहुतेकांत खाली "असे वरिष्ठ न्यायालयाने ठरवले आहे." सरकारी वकिलांपैकी एकानेही मूळ पानं उलटली नव्हती.

ही माणसं आपल्या घरी गेली होती. त्यांना पुन्हा बोलावतील का? आणि बोलावलं, तर निळं टोक तासायचा कंटाळा केलेल्या बाईचं नाव कुणी घेईल का? ती नखाने टेबलाच्या कडेचा रंग खरवडत बसली. बराच निघाला तेव्हा तिचं लक्ष गेलं.

साडेबाराला ती संपादकांच्या खोलीत शिरली. ऑफिसात त्यांना मागून पूर्णविराम म्हणत. कुठलंही बोलणं ते 'झालं' म्हणून संपवायचे, आणि त्यानंतर त्यांना पुढे बोलतं करणारा माणूस अजून जन्मायचा होता. चुकीच्या स्वल्पविरामासाठी त्यांनी एकदा पूर्ण सोळा पानी फॉर्म पुन्हा छापायला लावला होता. तिने छापील अंक आणि लाल प्रत त्यांच्यापुढे ठेवली, अकरावा परिच्छेद दाखवला, एकोणिसावा दाखवला. समजावून सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

मग त्यांनी टेबलाचा खालचा खण ओढला. एका फाइलीतून छापखान्याचं एक पिवळट मुद्रित काढलं आणि तिच्याकडे सरकवलं. चार ओळींचं शुद्धिपत्र होतं. तिच्या हेडनोटचं. खंड, पान, ओळ, सगळं बरोबर. वरच्या कोपऱ्यात तारीख होती. तेव्हा ढमी तीन आठवड्यांची होती.

"तुम्हाला माहीत होतं?" तिने विचारलं.

"अंक निघाल्यावर वाचताना लक्षात आलं. जुळवून ठेवलं. त्याच आठवड्यात त्या स्वयंपाकिणीचा आदेश आला." त्यांनी चष्मा काढला, पुसायला काही मिळालं नाही म्हणून तसाच पुन्हा घातला. "म्हटलं, पुढच्या अंकात घालू. पुढच्या अंकाआधी दुसरा आला. मग प्रत्येक वेळी पुढचा अंक."

तिने कोपऱ्यातली तारीख पुन्हा वाचली.

"तुमची चूक एका दुपारची आहे," ते म्हणाले. "माझी तेरा महिन्यांची. आणि ती चूक नाही."

'झालं' हा शब्द आला नाही. म्हणून ती उभी राहिली.

वकिलांना काय सांगायचं, असं तिने विचारलं. त्यांनी सरळ उत्तर दिलं नाही. वकिलांना हे ठाऊक नसेल, तर ते हेडनोट प्रामाणिकपणे दाखवू शकतात. ठाऊक असताना दाखवली, तर ती कोर्टाची फसवणूक. त्यांची सनद जाईल. म्हणजे तुम्ही फोन केलात की त्यांच्या हातातला कागद गेलाच. आणि नाही केलात, तर कदाचित सातवा माणूसही घरी जाईल. सहा वेळा कुणी पानं उलटली नाहीत.

"आणि आज उलटली तर?" ती म्हणाली.

संपादक खिडकीबाहेर समोरच्या इमारतीच्या गच्चीकडे बघत राहिले. तिथे कुणीतरी चादरी वाळत घालत होतं.

"शुद्धिपत्र या अंकात जाईल," ते शेवटी म्हणाले. "फोनचं तुम्ही ठरवा."

तिने दोनदा अर्धा नंबर फिरवून फोन खाली ठेवला. पॅरा नंबर सापडत नाही, माफ करा, एवढं म्हणून सुटता आलं असतं. खोटंही ठरलं नसतं. तिला बाकावरची ती बाई दिसत होती, जिला तिने कधी पाहिलं नव्हतं. तिच्या अंगावर लुगडं होतं की आणखी काही, केस कसे बांधले होते, काहीच ठाऊक नव्हतं. तरी ती ज्या बाजूला मान करून बसली होती ती बाजू दिसत होती. सरकारी वकिलाने आज एकोणिसावा परिच्छेद वाचून दाखवला, तर न्यायाधीशांच्या मनात काय येईल? एक खोटा दाखला दाखवला म्हटल्यावर बाकीचं खरंही कुणी ऐकत नाही. आणि नाही वाचून दाखवला, तर? तर तो घरी जाईल, आणि तिला आयुष्यभर सातवा मोजावा लागेल. आठवाही.

फोन करण्याआधी तिने सहावा आदेश पुन्हा उघडला. पहिल्या वाचनात तिने फक्त शेवट पाहिला होता, सुटला की नाही सुटला. आता मधलं वाचलं. मग त्यातला सातवा परिच्छेद दुसऱ्यांदा वाचला, आणि सव्वा वाजता नंबर पूर्ण फिरवला.

तिने एका दमात सांगितलं. पॅरा नंबर नाही, कारण पॅराच नाही. ते वकिलाचं म्हणणं होतं. कोर्टाने प्रश्न सोडून दिलाय. हेडनोट मी लिहिली, चूक माझी.

पलीकडून कॉरिडॉरमधली वर्दळ ऐकू येत होती, कुणाचं तरी नाव पुकारलं जात होतं.

"न सांगून चाललं असतं तुम्हाला," वकील म्हणाले.

"हो."

"मलाही चाललं असतं." त्यांनी श्वास सोडला. "आता मी काय दाखवू, मॅडम? रिकामे हात?"

तिने त्यांना वही काढायला सांगितली. सहावा आदेश एका लहान गावच्या न्यायाधीशाचा होता. त्यांच्यापुढेही हीच हेडनोट ठेवली गेली होती. बाकीच्या पाचांनी ती उतरवून घेतली. यांनी लिहिलं होतं की मूळ निकाल मला वाचायला मिळाला नाही, आणि जे मी वाचलं नाही त्याच्या आधाराने मी कुणाला सोडणारही नाही आणि डांबणारही नाही. मग त्यांनी घटना उघडली होती आणि स्वतःच्या डोक्याने पुढचं लिहिलं होतं. ती सावकाश वाचत गेली, वकील एकेक शब्द पुटपुटत लिहीत गेले.

"अटकेचे कारण सांगावे असे घटना म्हणते. ज्याला ते कळलेच नाही, त्याला ते सांगितले असे म्हणता येत नाही. बंद घरासमोर उभे राहून हाक मारणाऱ्याने आपण हाक मारली याचे समाधान मानावे. घरातल्याने ती ऐकली असे त्याने म्हणू नये."

"हे आमच्या कोर्टाला बंधनकारक नाही," वकील लिहून झाल्यावर म्हणाले.

"नाही."

"लहान कोर्ट. मानलं तर मानलं."

"हो. पण त्यांनी ते कुणाचं बघून लिहिलेलं नाही."

वकिलांनी फोन ठेवला. ठेवताना आभार मानले की नाही, हे तिला नंतर कितीही आठवून आठवेना.

अडीच वाजले. तीन वाजले. तिच्यापुढे जमिनीच्या हद्दीचा एक सोपा निकाल होता. त्याची पहिली चार पानं तिने निळी-लाल केली आणि ती सगळी पुन्हा तपासली. जेवणाचा डबा उघडला नव्हता. दूध भरून छाती ठणकत होती. रेकॉर्डच्या खोलीत जाऊन दूध काढायची रोजची वेळ टळून गेली होती, पण तेवढ्यात फोन आला तर, म्हणून ती जागची हलली नाही. साडेतीनला संपादक खोलीतून बाहेर आले. ते कधी बाहेर येत नसत. तिच्या टेबलापाशी उभे राहून त्यांनी हद्दीच्या निकालाचा खंड क्रमांक विचारला, जो पहिल्याच पानावर ठळक छापलेला होता. तिने सांगितला. ते गेले नाहीत.

चारला दहा मिनिटं असताना फोन वाजला.

वकील सुरुवातीपासून सांगू लागले आणि तिला त्यांना थांबवता येईना. उभं राहताच त्यांनी स्वतःहून सांगून टाकलं होतं की हेडनोट चुकीची आहे आणि मी तिचा आधार घेत नाही. सरकारी वकील म्हणाले, मग उरलं काय. त्यांनी लहान कोर्टाचा परिच्छेद वाचला. न्यायाधीश म्हणाले, छान लिहिलंय, पण मला बंधनकारक नाही. मग न्यायाधीशांनी विचारलं, याची भाषा येणारं कुणी आहे का इथे. खालच्या कँटीनमधला स्वयंपाकी निघाला. त्याला वर आणलं, हात पुसायला लावले, शपथ दिली. न्यायाधीश म्हणाले, याला विचारा, तुला का पकडलंय ते ठाऊक आहे का.

"तो गवंडी बराच वेळ बोलला, मॅडम. हाताने दाखवत होता. मला वाटलं, संपलं, याला सगळं ठाऊक आहे." वकील थांबले. "स्वयंपाकी वळला आणि म्हणाला, साहेब, तो म्हणतोय, जिन्याची भिंत वाकडी झाली म्हणून. ओळंबा दुसऱ्या कामावर नेला होता म्हणतोय, नजरेने गिलावा केला. सोडलंत तर पुन्हा करून देतो म्हणतोय."

संपादक तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते.

"एकोणीस दिवस त्याला वाटतंय, भिंतीसाठी."

"मग?"

"मग काय. साहेबांनी पेन खाली ठेवलं, पाणी प्यायले, आणि टायपिस्टला बोलावलं. सोडलं. बायकोला अजून कळलेलं नाही, ती मला खुणेने विचारतेय तो निकाल दाखवला का." ते घुटमळले. "तुमच्या पाक्षिकाबद्दलही एक ओळ येणार आहे आदेशात. मला थांबवता आली नाही."

असू द्या, ती म्हणाली.

त्या दिवशी ती नेहमीपेक्षा आधी घरी गेली. ढमीने दारातच तिच्या पिशवीत हात घातला आणि आतून लाल-निळी पेन्सिल काढून दोन्ही टोकं आळीपाळीने चाखून पाहिली. सासूबाईंनी ती काढून घेतली. घसा कसा आहे, त्यांनी विचारलं. बरा आहे, ती म्हणाली, आणि मग तिथेच चपला न काढता जमिनीवर बसून तिने सगळं सांगितलं. सासूबाईंनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, त्या बाकीच्या सहा जणांचं आता काय होतं गं. तिला ठाऊक नव्हतं. शुद्धिपत्र छापखान्यात गेलं होतं.

आदेशाची प्रत तीन आठवड्यांनी ऑफिसात आली. बारा पानांची. संपादकांनी ती दुसऱ्या कुणाला दिली नाही. सकाळी येताच तिच्या टेबलावर ठेवली. तिने दोन्ही टोकं तासून घेतली आणि दुपारपर्यंत वाचली. मग हेडनोट लिहिली. पहिल्या कलमात कारण समजेल अशा भाषेत सांगण्याबद्दल कोर्टाने जे ठरवलं ते, पॅरा नंबरसह. दुसऱ्यात लिहिलं, हेडनोट हा निकालाचा भाग नव्हे. मूळ निकाल न वाचता तिच्यावर विसंबू नये. हे लिहिताना हात अडला नाही. तिसऱ्याशी अडला. माणसं काय म्हणाली हे हेडनोटमध्ये घालत नाहीत. नियम तेवढा घालतात. तरी तिने एक ओळ लिहिली. "अटकेचे कारण काय असे विचारता, भिंत वाकडी झाली म्हणून, असे आरोपीने सांगितले."

संपादकांनी कागद हातात घेतला आणि पेन्सिल त्या ओळीवर येऊन थांबली.

"हे कोर्टाचं म्हणणं आहे की त्याचं?"

"त्याचं, सर. पॅरा नऊ."

त्यांनी आदेश मागवून घेतला, नववा परिच्छेद काढला आणि ओठ हलवत वाचला. पुन्हा वरून वाचला. ती टेबलाच्या पलीकडे उभी होती, ओळ खोडली जायची वाट बघत.

"पुन्हा करून देतो म्हणाला," ते वर न बघता म्हणाले, "ते का गाळलंत?"